विश्लेषण : सनस्क्रीन टाकीत बनेल, पण तिची कृती खाडीच्या चिखलातच!

समुद्रातील शेवाळ, प्रवाळ आणि माशांची अंडी कडक उन्हात ज्या संयुगांच्या आधारे तग धरतात, ती संयुगे आता जीवाणू आणि यीस्टकडून बनवून घेता येतात. एवढेच नाही, तर त्यांच्या रचनेत हवे ते बदलही करता येतात. समुद्र न ओरबाडता सनस्क्रीन बनवण्याचा हा मार्ग आहे. या तंत्राला लागणाऱ्या दोन गोष्टी, म्हणजे किण्वनाचे कौशल्य आणि सूक्ष्मजीवांनी समृद्ध असलेली खाडी, नवी मुंबईतील तळवलीच्या दोन बाजूंना आहेत. त्यातल्या एकीची किंमत आपल्याला कळते, दुसरीची कळत नाही. खरा प्रश्न तिथेच आहे.

समुद्रातले जीव उन्हापासून कसे वाचतात?

ओहोटीच्या वेळी खडकाला चिकटलेले शेवाळ किंवा चिखलावरचा हिरवा-निळा थर तासन्‌तास उन्हात पडून असतो. त्याला सावलीत पळता येत नाही. शिवाय प्रकाशसंश्लेषणासाठी ऊन तर हवेच. म्हणजे ऊन घ्यायचे, पण त्यातले अतिनील किरण टाळायचे, अशी ही कसरत आहे. उत्क्रांतीने त्यावर जे उत्तर शोधले, त्यातल्या एका मोठ्या गटाला ‘मायकोस्पोरीनसदृश अमिनो आम्ले’ म्हणतात. संशोधक त्यांना थोडक्यात ‘एमएए’ म्हणतात.

ही लहान, रंगहीन आणि पाण्यात विरघळणारी संयुगे आहेत. ती साधारण ३१० ते ३६२ नॅनोमीटर या पट्ट्यातील अतिनील किरण शोषतात आणि ती ऊर्जा निरुपद्रवी उष्णतेच्या रूपात सोडून देतात. हे करताना ती स्वतः सहसा मोडत नाहीत. सनस्क्रीनच्या घटकासाठी हा गुण फार मोलाचा आहे, कारण आज वापरात असलेले काही रासायनिक घटक उन्हातच हळूहळू निकामी होत जातात.

अशा संयुगांची पहिली चाहूल १९६९ मध्ये लागली. जपानी संशोधक शिबाता यांना ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील प्रवाळांत आणि एका नील-हरित शेवाळात ३२० नॅनोमीटरच्या आसपास अतिनील किरण शोषणारा पदार्थ आढळला. त्यानंतर लाल शेवाळ, प्रवाळ, समुद्री काकडी अशा अनेक जीवांत एमएए सापडत गेली. भारतात बनारस हिंदू विद्यापीठातील राजेश्वर सिन्हा यांच्या गटाने नील-हरित शेवाळातील या संयुगांवर दीर्घकाळ काम केले आहे.

कोकणाचा याच्याशी काय संबंध?

पावसाळ्यात कोकण आणि गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यावर, भरतीच्या वरच्या रेषेजवळ, पातळ जांभळट-तपकिरी पापुद्र्यासारखे एक शेवाळ उगवते. त्याचे शास्त्रीय नाव पॉर्फिरा व्हिएतनामेन्सिस. जपानी सुशीभोवती गुंडाळल्या जाणाऱ्या ‘नोरी’चे हे जवळचे नातलग. पावसाळा सरला की ते दिसेनासे होते.

या शेवाळात ‘पॉर्फिरा-३३४’ नावाचे एमएए असते. नावातला आकडा म्हणजे ते ज्या तरंगलांबीचे किरण सर्वाधिक शोषते ती, म्हणजे ३३४ नॅनोमीटर. पुण्यातील संशोधकांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासाने २०१० मध्ये याच शेवाळातून पॉर्फिरा-३३४ वेगळे काढून त्याची ऊन रोखण्याची क्षमता तपासली होती. थोडक्यात, हा विषय परदेशी प्रयोगशाळांपुरता नाही. त्याचा कच्चा माल आपल्याच खडकांवर दर पावसाळ्यात उगवतो आणि बहुतेकांच्या पायाखाली येतो.

मग शेवाळ गोळा करूनच क्रीम का बनवू नये?

तसे बनतेही. स्वित्झर्लंडच्या मिबेल बायोकेमिस्ट्री या कंपनीचा ‘हेलिओगार्ड ३६५’ हा घटक पॉर्फिरा वर्गातील शेवाळाच्या अर्कापासून तयार होतो. त्यात शिनोरीन आणि पॉर्फिरा-३३४ ही दोन एमएए असतात. पण या वाटेवर तीन अडचणी आहेत.

पहिली, प्रमाणाची. वाळवलेल्या शेवाळाच्या एका ग्रॅममागे हाती लागणारे एमएए मिलिग्रॅममध्ये मोजावे लागते. म्हणजे थोड्या घटकासाठी ढीगभर शेवाळ लागते. दुसरी, अनिश्चिततेची. ऋतू, जागा, पाण्याची खोली आणि उन्हाची तीव्रता यांप्रमाणे एमएएचे प्रमाण बदलते. या खेपेचा अर्क मागच्या खेपेसारखा असेलच याची खात्री नसते. आंबा एखाद्या वर्षी आंबट निघाला तरी खपतो, पण सनस्क्रीनचा घटक दर खेपेला सारखाच असावा लागतो. तिसरी अडचण समुद्राची. जे शेवाळ वर्षातून जेमतेम काही महिने खडकावर असते, ते मागणी वाढली म्हणून खरवडून काढले तर त्यावर जगणाऱ्या लहानसहान जीवांचे काय? समुद्राला वाचवणारी सनस्क्रीन हवी म्हणून किनारा खरवडायचा, हा व्यवहार उफराटा ठरेल.

इथेच सूक्ष्मजीवांची गरज पडते.

सूक्ष्मजीव नेमके काय करतात?

याची कल्पना मधुमेहाच्या रुग्णांना वेगळ्या संदर्भात आहे. पूर्वी इन्सुलिन डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढले जाई. मग मानवी इन्सुलिनचे जनुक जीवाणूत बसवण्यात आले आणि १९८२ पासून जीवाणूंनी बनवलेले इन्सुलिन औषध म्हणून मिळू लागले. एमएएच्या बाबतीतही युक्ती तीच. शेवाळाकडून माल घेण्याऐवजी त्याच्याकडून कृती घ्यायची आणि ती वेगाने वाढणाऱ्या सूक्ष्मजीवाला शिकवायची.

ही कृती २०१० मध्ये उलगडली. अमेरिकेतील हार्वर्ड मेडिकल स्कूलमधील एमिली बाल्स्कस आणि ख्रिस्तोफर वॉल्श यांनी ‘अॅनाबेना’ या नील-हरित शेवाळातील चार जनुके शोधली. ती ई. कोलाय या जीवाणूत बसवल्यावर जीवाणूने शिनोरीन बनवून दाखवले. चार जनुके म्हणजे चार कारागीर समजा. पहिले दोन पेशीतल्या साध्या साखरेच्या रेणूपासून एक कड्यासारखा सांगाडा तयार करतात. तिसरा त्याला ग्लायसीन हे अमिनो आम्ल जोडतो. चौथा सेरीन जोडतो आणि शिनोरीन तयार होते.

२०१८ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातील यूसाँग डिंग यांच्या गटाने ‘फिशेरेला’ या नील-हरित शेवाळाची जनुके ‘सिनेकोसिस्टिस’ या दुसऱ्या, प्रयोगशाळेत सहज वाढणाऱ्या शेवाळात बसवली. त्याच्या सुक्या वजनाच्या दर ग्रॅममागे सुमारे २.३७ मिलिग्रॅम शिनोरीन मिळाले. व्यावसायिक वापरातील समुद्री शेवाळाच्या तोडीचे हे प्रमाण होते. २०१९ मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी पाव आणि बिअरसाठी वापरल्या जाणाऱ्या यीस्टकडून हेच काम करून घेतले आणि लिटरमागे सुमारे ३१ मिलिग्रॅमपर्यंत मजल मारली.

त्या कोरियन प्रयोगात महाराष्ट्राने लक्ष द्यावे असा एक तपशील आहे. त्यांच्या यीस्टला ‘झायलोज’ ही साखर वापरायला शिकवले होते. उसाच्या चिपाडात ही साखर मोठ्या प्रमाणात बांधलेल्या रूपात असते. ती मोकळी करून किण्वनाला वापरणे हे अजून खर्चाचे काम आहे. पण साखर कारखान्यांच्या राज्यात हा धागा सोडून देण्यासारखा नाही.

‘बदल’ करतात म्हणजे काय करतात?

या संशोधनाचा सर्वात रंजक भाग हाच आहे. सर्व एमएएचा मूळ सांगाडा एक आहे, त्याला काय जोडले यावर तो कोणते किरण अडवणार हे ठरते. सांगाड्याला फक्त ग्लायसीन जोडले तर शोषणाचे शिखर ३१० नॅनोमीटरला येते. त्यात सेरीनची भर पडली की शिनोरीन होते आणि शिखर ३३४ च्या आसपास सरकते. सेरीनऐवजी थ्रिओनीन जोडले की पॉर्फिरा-३३४ तयार होते. डिंग यांच्याच गटाने पुढे एक असे एन्झाइम शोधले, जे या संयुगांना काटछाट करून ‘पॅलिथीन’ बनवते. त्याचे शिखर ३२० नॅनोमीटरला येते. पॅलिथीन हे नाव ‘पॅलिथोआ’ या प्रवाळाच्या नातेवाईक जीवावरून आले आहे. त्याच कुळातले, गालिच्यासारखे पसरणारे झोअँथिड मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

याचा उपयोग काय? त्वचा भाजवणारे ‘यूव्हीबी’ किरण २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात येतात. खोलवर जाऊन त्वचा सैल करणारे आणि डाग वाढवणारे ‘यूव्हीए’ ३१५ ते ४०० च्या पट्ट्यात. एकच संयुग सगळा पट्टा झाकत नाही. पण सूक्ष्मजीवाच्या हाती वेगवेगळी एन्झाइमे दिली, तर हव्या त्या पट्ट्यासाठी हवे ते संयुग मागवता येते. शिंपी एकाच कापडातून वेगवेगळे कपडे शिवतो, तसे.

यूव्हीबीसाठी माशांकडूनही मदत मिळाली आहे. कॉड माशाच्या अंड्यांत सापडलेले ‘गॅडुसॉल’ हे संयुग २९६ नॅनोमीटरच्या आसपास किरण शोषते. मासे ते अन्नातून मिळवत असावेत, असा पूर्वी समज होता. २०१५ मध्ये अमेरिकेतील ओरेगन स्टेट विद्यापीठातील तैफो महमूद यांच्या गटाने दाखवले की, झेब्राफिश ते स्वतः बनवते. ती जनुके यीस्टमध्ये घातल्यावर यीस्टनेही गॅडुसॉल बनवले. मासे, बेडूक, सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांच्याकडे ही कृती आहे. सस्तन प्राण्यांनी मात्र ती उत्क्रांतीच्या वाटेत कुठेतरी गमावली. म्हणूनच आपल्याला ट्यूब विकत घ्यावी लागते.

आजच्या सनस्क्रीनमध्ये काय खोट आहे?

घाबरून जाण्यासारखे काही नाही, पण प्रश्न आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या संशोधकांनी २०१९ आणि २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत, नेहमीच्या वापरातील अनेक रासायनिक घटक त्वचेतून रक्तात उतरतात असे दिसले. हे प्रमाण पुढील सुरक्षा चाचण्या आवश्यक ठरवणाऱ्या मर्यादेपेक्षा जास्त होते. रक्तात उतरले म्हणजे अपाय झाला असे नव्हे, सनस्क्रीन वापरणे थांबवू नका, असेही त्या वेळी स्पष्ट करण्यात आले.

दुसरा प्रश्न समुद्राचा. ऑक्सिबेन्झोनसारखे घटक प्रवाळांच्या पिल्लांना घातक ठरू शकतात, असे प्रयोगशाळेतील अभ्यास सांगतात. त्यावरून पलाऊ या बेटराष्ट्राने २०२० पासून आणि अमेरिकेच्या हवाई राज्याने २०२१ पासून अशा काही घटकांवर बंदी घातली. प्रत्यक्ष समुद्रात हे प्रमाण किती धोकादायक ठरते यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. प्रवाळांचा खरा शत्रू तापणारा समुद्र आहे, यावर मात्र फारसे दुमत नाही. त्यामुळे सनस्क्रीन बदलली की प्रवाळ वाचले, असा दावा कुणी केला तर तो जाहिरातीचा समजावा.

जीवाणूंनी बनवलेला घटक चेहऱ्याला लावणे सुरक्षित?

‘जनुक बदललेला जीवाणू’ हे शब्द ऐकताच अनेकांच्या कपाळावर आठ्या पडतात. पण क्रीममध्ये जीवाणू नसतो. तो बंद टाकीत वाढतो, त्याने बनवलेले संयुग वेगळे करून शुद्ध केले जाते आणि जीवाणू नष्ट केला जातो. इन्सुलिनपासून चीजसाठी लागणाऱ्या एन्झाइमपर्यंत अनेक वस्तू अशाच बनतात. भारतात अशा कामासाठी पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ चे नियम आहेत. संस्थेतील जैवसुरक्षा समितीपासून केंद्रीय पातळीपर्यंतची परवानगीची साखळी आहे.

संयुग सूक्ष्मजीवाने बनवले की शेवाळाने, याने शुद्ध रेणूत फरक पडत नाही. फरक पडतो तो शुद्धीकरणात काय मागे राहिले याने. त्यामुळे ग्राहकाने विचारायचा प्रश्न ‘जनुकबदल आहे का’ यापेक्षा ‘शुद्धता किती आणि चाचणी कोणती’ हा असायला हवा.

‘नैसर्गिक’ म्हणजे आपोआप चांगले?

अजिबात नाही. इथेच ग्राहकाची फसगत होण्याची शक्यता सर्वाधिक आहे. एमएएच्या मार्गात अजून बरेच खड्डे आहेत. ती पाण्यात विरघळतात, म्हणजे घामाने आणि समुद्रस्नानाने धुऊन जाऊ शकतात. मुंबईच्या दमट उकाड्यात तर हा मोठाच दोष. म्हणून ती सूक्ष्म वेष्टनांत बंद करावी लागतात किंवा त्यांच्या रचनेत तेलात मिसळेल असा बदल करावा लागतो. साधारण ३६० नॅनोमीटरच्या पुढच्या यूव्हीए पट्ट्यात ती कमी पडतात. त्वचेवर पडणारे काळे डाग ही भारतातील अनेकांची तक्रार असते आणि त्यात या लांब पट्ट्याचा वाटा मोठा असतो.

शिवाय, युरोपीय संघाने मान्य केलेल्या अतिनील रोधकांच्या यादीत एमएए नाहीत. बाजारात ती येतात ती मुख्यतः पूरक सौंदर्यघटक म्हणून. मूळ संरक्षण बहुतेक वेळा बाटलीतल्या दुसऱ्याच, मान्यताप्राप्त घटकाचे असते आणि वेष्टनावर मोठ्या अक्षरांत ‘समुद्री शेवाळाची शक्ती’ झळकते. भारतात सनस्क्रीन सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांखाली येते. त्यासाठी २०२० चे कॉस्मेटिक्स रूल्स आणि भारतीय मानक ब्युरोची मानके आहेत. वेष्टनावर शेवाळाचे चित्र असणे आणि त्यातील संयुगाने माणसाच्या त्वचेवर एसपीएफ चाचणी पार केलेली असणे, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सूक्ष्मजीवांनी बनवलेल्या एमएएला खरी मान्यता मिळवायची असेल, तर त्वचेवरील आणि शरीरातील परिणामांच्या पूर्ण चाचण्यांना पर्याय नाही. त्या चाचण्या आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर, आपल्याकडच्या घामात आणि उन्हात व्हायला हव्यात. गोऱ्या त्वचेवरचे आकडे जसेच्या तसे इथे लावणे पुरेसे नाही.

तळवलीचा मुद्दा कुठे येतो?

घणसोली परिसरातील तळवली हे मूळचे आगरी-कोळी वस्तीचे गाव. पूर्वेला रेल्वे आणि ठाणे-बेलापूर रस्ता, त्यापलीकडे एमआयडीसीचा टीटीसी औद्योगिक पट्टा. पश्चिमेला खारफुटी आणि ठाणे खाडी.

पूर्वेकडे कौशल्य आहे. जवळच्या रबाळ्यात रिलायन्स लाइफ सायन्सेसचे धीरूभाई अंबानी लाइफ सायन्सेस सेंटर आहे. तिथे जिवंत पेशींकडून जैवऔषधे बनवून घेतली जातात. तिथे सनस्क्रीन बनते असा याचा अर्थ नाही. मुद्दा असा की, टाक्या, निर्जंतुक हवा, शुद्धीकरणाची यंत्रे आणि ती चालवणारी प्रशिक्षित माणसे या पट्ट्याला नवी नाहीत. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘बायोई३’ धोरणात जैवआधारित रसायने आणि एन्झाइमे हा पहिल्या फळीचा विषय आहे. सागरी संशोधनही त्यात आहे. म्हणजे कारखान्यासाठी दार उघडे आहे.

पश्चिमेकडे कृतींचे भांडार आहे. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती रामसर स्थळ झाली. फ्लेमिंगो इथे येतात ते प्रामुख्याने चिखलातील नील-हरित शेवाळ आणि इतर सूक्ष्म जीव खाण्यासाठी. म्हणजे ज्या जीवगटाकडून हार्वर्ड आणि फ्लोरिडाच्या संशोधकांनी जनुके घेतली, तोच जीवगट तळवलीच्या पाठीमागे रोज ओहोटीला उन्हात पडलेला असतो. खाडीतला हा थर क्षार, गढूळपणा, प्रदूषण आणि कडक ऊन एकाच वेळी सोसतो. इतके सोसणाऱ्या जीवांकडे बचावाच्या युक्त्या असण्याची शक्यता मोठी.

ही कल्पना हवेतली नाही. खाडीपलीकडे पवई तलावातून आयआयटी मुंबईच्या प्रमोद वांगीकर यांच्या गटाने ‘सिनेकोकोकस इलोंगेटस पीसीसी ११८०१’ हे नील-हरित शेवाळ वेगळे केले. २०१८ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. अनुकूल स्थितीत ते सुमारे २.३ तासांत दुप्पट होते, बाहेरची जनुके सहज स्वीकारते आणि उष्णताही सोसते. सूक्ष्मजीवांकडून रसायने बनवून घेऊ पाहणाऱ्यांना हवे ते जवळपास सारे गुण त्याच्यात आहेत. ते सापडले कुठे, तर महानगराच्या वेढ्यातल्या, जलपर्णी आणि सांडपाण्याने गांजलेल्या तलावात.

मग अडचण कशाची?

आपल्या हिशोबाची. कारखान्याची किंमत एकरात, रोजगारात आणि गुंतवणुकीत मोजता येते. चिखलाची मोजता येत नाही. म्हणून खाडीकाठ हा सरकारी नकाशावर संरक्षित असला, तरी व्यवहारात ‘मोकळी जागा’ समजला जातो. भराव, राडारोडा, सांडपाणी आणि खारफुटीतून जाऊ पाहणारे रस्ते यांचा दाब त्यावर कायम असतो. पाम बीच मार्गाचा घणसोली ते ऐरोली हा दुवा खारफुटीच्या प्रश्नावरून वर्षानुवर्षे रखडला. विकास विरुद्ध झाडे, अशी त्यावरची नेहमीची मांडणी. पण खारफुटीच्या मुळाशी असलेल्या चिखलातला जनुकांचा साठा या वादात कुणाच्याच बाजूने मोजला जात नाही.

जैवतंत्रज्ञानात यंत्रे विकत मिळतात, परवाने मिळतात, शिकलेली माणसेही मिळतात. नष्ट झालेली जनुके मात्र कुठेच विकत मिळत नाहीत. टाकी बंद पडली तर दुरुस्त करता येते. एखादा सूक्ष्मजीव आपण पाहण्याआधीच संपला, तर काय गमावले हेही कळत नाही.

लाभ कोणाच्या पदरात?

हा प्रश्न त्याहून अवघड आहे. पवईच्या शेवाळाच्या नावातील ‘पीसीसी’ म्हणजे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संग्रह. असा संग्रहक्रमांक घेणे ही विज्ञानातील सर्वमान्य पद्धत आहे, त्यात गैर काही नाही. पण आता तर सूक्ष्मजीवाची बाटलीही लागत नाही. त्याच्या जनुकांचा अनुक्रम संगणकावर उपलब्ध असला की जगात कुठेही ती जनुके कृत्रिमरीत्या तयार करून यीस्टमध्ये बसवता येतात. खाडी तळवलीची, कृती खाडीची आणि नफा भलत्याच ठिकाणी, असे सहज होऊ शकते.

यावर जगाने थोडा विचार केला आहे. २०२४ मध्ये कोलंबियातील काली शहरात झालेल्या जैवविविधता परिषदेत, अशा जनुकीय माहितीचा वापर करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी एका जागतिक निधीत वाटा द्यावा, असे ठरले. त्यात सौंदर्यप्रसाधन उद्योगाचे नाव स्पष्टपणे आहे. पण हे योगदान ऐच्छिक आहे. भारतात २००२ चा जैवविविधता कायदा लाभवाटपाची तरतूद करतो, स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या त्याचा पाया आहेत. या नोंदवह्यांत वड, पिंपळ, पक्षी, मासे येतात. चिखलातले सूक्ष्मजीव सहसा येत नाहीत. ज्याची नोंद नाही, त्याच्या लाभावर हक्क सांगणार कसा?

खाडीतले मासे कमी झाल्याचा फटका कोळी कुटुंबांनी सर्वात आधी सोसला. त्याच खाडीतून उद्या एखादे महागडे क्रीम निघाले आणि ते दुकानात पाहण्यापलीकडे त्यांच्या वाट्याला काहीच आले नाही, तर त्याला प्रगती म्हणणे कठीण जाईल.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, खाडीची सूक्ष्मजीव-नोंद. ठाणे खाडीतील नील-हरित शेवाळांचे नमुने गोळा करून पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रासारख्या संग्रहात ठेवता येतील. ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र तळवलीपासून हाकेच्या अंतरावर आहे. आयआयटी, मुंबई विद्यापीठ आणि नवी मुंबईतील महाविद्यालये यांना सोबत घेऊन हे काम फार मोठ्या खर्चाविना सुरू होऊ शकते.

दुसरी, धोरणातली जोडणी. जैवउत्पादनाच्या प्रकल्पांना सवलत देताना, जिथून सूक्ष्मजीव किंवा जनुक आले त्या अधिवासाच्या रक्षणासाठी ठरावीक वाटा राखून ठेवला पाहिजे. सवलत कारखान्याला आणि भराव खाडीला, हे एकत्र चालणार नाही.

तिसरी, वेष्टनावरील प्रामाणिकपणा. संरक्षण कोणत्या घटकाचे, एसपीएफ कशाच्या आधारे आणि शेवाळाचा अर्क किती, हे ग्राहकाला समजेल अशा शब्दांत लिहिणे सक्तीचे हवे.

चौथी, परवडणारी किंमत. किण्वनाने बनवलेली वस्तू मोठ्या प्रमाणावर स्वस्त होऊ शकते, हे या तंत्राचे सर्वात मोठे आश्वासन आहे. ऊन सर्वाधिक अंगावर घेतात ते मासळी सुकवणाऱ्या बाया, इमारतींवरचे मजूर, सिग्नलवरचे वाहतूक पोलीस आणि दुचाकीवरून घरोघरी सामान पोहोचवणारी मुले. सध्याची सनस्क्रीन त्यांच्यासाठी बनतच नाही. सार्वजनिक पैशातून संशोधन होणार असेल, तर हे लोक त्याचे पहिले ग्राहक मानले गेले पाहिजेत.

तोपर्यंत टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, डोक्यावर पदर आणि दुपारी बारा ते तीन सावली, हे जुने उपाय बिनखर्चाचे आहेत आणि कोणत्याही बाटलीइतकेच खरे. विज्ञान त्यात भर घालील. मात्र ती भर घालणारा जीव आज तळवलीच्या पश्चिमेला चिखलात आहे आणि त्याच्या दिशेने राडारोड्याचे डंपर निघाले आहेत. कोण आधी पोहोचते, प्रयोगशाळा की डंपर, एवढाच निर्णय सध्या आपल्या हातात आहे.